पाण्याला उसासा टाकायला जागा

थोर माणसाच्या पावलांना स्वतःचा एक नाद असतो. महालिंगअप्पाच्या पावलांना तो होता. त्याच्या डाव्या वहाणेचा अंगठा तुटलेला होता. मार्गशीर्षातल्या सकाळी नदीवरचे धुके रुळांवर उतरे आणि त्यातून आधी ती फटफट, मग कंदिलाचा ठिपका, मग कपाळावरचे भस्माचे पट्टे आणि सर्वांत शेवटी अप्पा प्रकट होई. मी पूर्णा स्टेशनच्या पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर. तो माझ्या हाताखालचा फिटर. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवसांत ते मला स्वतःलाच वारंवार सांगावे लागे.

आमच्या उंच टाकीपासून इंजिनांत पाणी भरायच्या नळापर्यंत लांबच लांब लोखंडी वाहिनी होती. ड्रायव्हरने नळ चटकन बंद केला की धावते पाणी जागीच अडे, मागे उसळून वाहिनीला आतून घण घाली आणि एखादा सांधा फुटे. मी सांध्याला जाड पट्ट्या ठोकवल्या. मग शेजारचा सांधा फुटला.

"काय बाबूजी, पुस्तकातलं पाणी दम धरतंय, अन् आपलंच धरंना व्हय?" ड्रायव्हर इंजिनातून ओरडे.

अप्पा मात्र तापलेल्या लेकराच्या छातीला कान लावावा तसा वाहिनीला कान लावून बसे. तिरप्या उन्हात त्याचे डोळे मिटलेले असत आणि बोटे लोखंडावर काहीतरी मोजत असत. तरुणपणी तो घाटातल्या एका वीजघरात राबला होता. तिथे डोंगरातून येणाऱ्या बोगद्याच्या टोकाशी, आभाळाकडे उघडी अशी एक खोल विहीर होती.

"सर्ज शाफ्ट म्हन्तेत तिला," तो म्हणाला. "खाली दार लागलं की पाणी तिच्यात वर चढतंय, उतरतंय, पुन्हा चढतंय, अन् दमून निजतंय. दार उघडलं की बोगद्यातलं पाणी वेग धरूस्तोवर तीच पुरवती. आपलं पाणी कोंडून धडका मारायलंय, बाबूजी. त्याला उसासा टाकायला जागा पायजे."

सर्ज शाफ्टवर मी दोन जाडजूड ग्रंथ वाचले होते. त्यांत समीकरणे होती, उसासा नव्हता. तो शब्द त्याला सुचावा आणि मला सुचू नये, हे मी त्याला कधीच माफ केले नाही.

त्याने नळाजवळ टाकीहून उंच अशी, उघड्या तोंडाची नळी वाहिनीवर उभी केली. नळ बंद होताच तिच्या माथ्यावर मूठभर पाणी उन्हात चमके आणि खाली पडे. सांधे गप्प झाले. हमाल टाळ्या वाजवीत. माझ्या पट्ट्यांना कुणी टाळी वाजवली नव्हती.

तशात बातमी आली: नदीच्या वरच्या अंगाला, येलदरीकडे, धरण आणि वीजघरासाठी पाहणी व्हायची होती आणि आमच्यातला एक जण त्या तुकडीत जायचा होता. निवड मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणारे आमचे वरिष्ठ अधिकारी मोहतमीमसाहेब करणार होते. मी बारा पानांची अर्जी लिहिली. अप्पाला लिहिता येत नव्हते. तरी मला अन्न गोड लागेना.

मुआयन्याच्या दिवशी फलाटावर गालिचा, कमान, अत्तरदाणी. मी उभ्या नळीच्या पायथ्याची चावी स्वतः बंद केली. गालिच्यावर शिंतोडे नकोत, असे हमालांना सांगितले. कारण खरेच होते. फक्त ते चावी फिरवून झाल्यावर सुचले.

ड्रायव्हरने सलामीच्या उत्साहात नळ झटक्यात बंद केला. जमिनीखाली घण पडला, माझी सर्वांत जाड पट्टी तुटून सांधा फुटला आणि साहेब गुडघ्यापर्यंत भिजले. अप्पाने येऊन चावीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. सांधा आवळून त्याने चावी उघडली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "आता लाव. लय जोरात." पाणी नळीतून उसळले, गालिच्यावर सांडले, पुन्हा थोडे चढले आणि निवले.

"पहले ये बंद थी?" साहेबांनी विचारले.

"व्हय साहेब. फरक दिसावा म्हनून बाबूजींनीच मुद्दाम बंद ठिवली व्हती."

साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि पाहणीला अप्पाला नेले.

ती दया होती की टोमणा, हे विचारायला तो पुन्हा भेटला नाही. गेलेले माणूस मनात चढते, उतरते, पुन्हा चढते. काळ त्याला हळूहळू निववतो. मत्सराला मात्र काळ पुरत नाही.

पुढे राज्य बदलले, आणि बऱ्याच वर्षांनी येलदरीला धरण झाले. वीजघर धरणाच्या अगदी पायथ्याशी आहे. लांब बोगदा नसल्यामुळे तिथे सर्ज शाफ्टची गरजच पडली नाही.