लाल थर

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. ट्रक एकच होता आणि त्याच्यावरच घर चालायचं. मिठाच्या खेपा करून करून त्याच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, गंज धरला. तपासणीच्या साहेबाने बजावलं, "गंज काढून, रंगवून शनिवारी आणा. नाहीतर गाडी रस्त्यावर दिसता कामा नये."

नवऱ्याचा पाय मोडून प्लास्टरमध्ये, सासरे थकलेले. तेव्हा सूनच पदर खोचून, तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली शिरली. सोमवारी तिने गंज खरवडला. मंगळवारी सांगाडा थिनरने पुसून लाल प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला. बुधवारी त्यावर काळा रंग द्यायचा, म्हणून बोट लावून पाहिलं, तर प्रायमर बुळबुळीत. सायीसारखा गोळा होऊन हातात आला.

"नीट पुसलं नसशील," खिडकीतून नवरा म्हणाला.

"तुमच्या पायाची शपथ, तीनदा पुसलं!"

"शपथ घ्यायची तर धड पायाची तरी घे!"

शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री वाकून बघून गेला. "वहिनी, रंग दिलात की फोडणी? तेल आहे हे."

तेल आलं कुठून? तिने डबा हुंगला, ब्रश हुंगला, स्वतःचे हातसुद्धा हुंगले. पुन्हा खरवडलं, पुन्हा लाल थर दिला. गुरुवारी सकाळी पाहते तर पुन्हा तेच. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं तिला वाटायला लागलं.

तिसऱ्यांदा रंगवून ती दुपारी जेवायला वाढायला आत गेली. सासऱ्यांचा पाट रिकामा. शोधत बाहेर आली, तर ट्रकखालून ओळखीच्या चपला डोकावत होत्या.

"मामंजी?"

"हळू बोल गं!" त्यांच्या हातात जळक्या ऑइलचा डबा आणि चिंधी होती. "अख्खी चासी लालभडक गंजलीय. रोज तेल चोपडतोय, तर दुसऱ्या दिवशी आणखी लाल. माझी तर मतीच गुंग झालीय. त्याला सांगू नकोस हं, मोडक्या पायाने उठेल."

वीस वर्षं त्यांनी ही गाडी जळक्या ऑइलवरच जपली होती. आता डोळे अधू झालेले, आणि सकाळचं दुपारी आठवत नव्हतं.

"मामंजी, तो रंग आहे."

"रंग काळा असतो, सूनबाई. लाल असतो तो गंज."

हसावं की रडावं, तिला समजेना. ती तडक मिस्त्रीकडून करडा प्रायमर घेऊन आली. सगळं तेल पुसून काढता काढता कंबरेचा काटा ढिला झाला. संध्याकाळी सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"आता कसं लोखंडासारखं लोखंड दिसतंय!" म्हणाले, आणि चिंधी घेऊन पुन्हा वाकले.

तिने त्यांचा हात धरून आडव्या दांड्यांच्या पोकळीकडे वळवला. "इथे आत ब्रश पोचत नाही, मामंजी. इथे लावा."

शुक्रवारी काळा रंग बसला. शनिवारी गाडी पास झाली.

सासरे पुढच्या वर्षी गेले. शेवटी ते सुनेलाही ओळखत नव्हते, पण लोखंडी पलंगाच्या दांड्यावरून रोज चिंधी फिरवायचे. नवऱ्याने किंचित लंगडत आणखी बारा वर्षं ट्रक चालवला. मिस्त्री दुसऱ्या गावी गेला. जातानाही 'फोडणीवाल्या वहिनीं'चा निरोप घ्यायला विसरला नाही. ट्रक भंगारात निघाला तेव्हा पत्र्याची चाळण झाली होती, चासी मात्र ठणठणीत. ती आपल्या रंगाने टिकली की सासऱ्यांच्या तेलाने, याचा उलगडा सुनेला अजून झालेला नाही.