उन्हात ठेवलेला जांभळा दगड

मित्रांनो, मी एक जुना, पोटातून पोकळ दगड आहे. बाहेरून पाहाल तर निव्वळ उकडलेला बटाटा! पण कारागिराने करवतीवर धरून माझे दोन तुकडे केले, तेव्हा तोच म्हणाला, "अरे बापरे!" आत गच्च जांभळे स्फटिक होते. युगानुयुगं अंधारात बसून जमवलेला तो रंग, एवढीच माझी कमाई. माझा दुसरा अर्धा भाग कुणी नेला, देव जाणे.

दुकानात माझ्यापुढे पाटी लागली, 'मनःशांतीचा दगड'. एका ताईने मला धाकट्या बहिणीसाठी घेतलं. चाळिशी उलटली तरी ती घरात चिमीच होती. तिचं हृदय अशक्त होतं. रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

"रोज उन्हात ठेवा, म्हणजे दगडाची शक्ती टिकते," दुकानदाराने सांगितलं. ताई रोज सकाळी जुन्या टूथब्रशने माझी धूळ काढी आणि मला खिडकीत ठेवी. खोटं कशाला बोलू, मला ते कौतुक फार आवडायचं.

पण माझा जांभळा रंग उन्हात टिकत नाही. वर्षभरात मी पांढुरका पडलो. ताई मात्र हरखली.

"चिमे, बघ तरी! तुझं दुखणं याने ओढून घेतलं!"

"मग त्या गोळ्यांची कटकट तरी संपली एकदाची," चिमी हसून म्हणाली. आणि ताईने मान डोलावली!

अगं बायांनो, उन्हाने रंग उडालाय माझा! पण दगडाला तोंड कुठलं? गोळ्यांवाचून हृदय थकत गेलं, चिमीचे पाय सुजले, चपलेचा पट्टा लागेना. "चपलाच आखूड झाल्या वाटतं," ताई म्हणाली आणि नव्या चपला आणल्या. त्या चिमीने जेमतेम आठवडाभर घातल्या. मग एका दुपारी ती गेली.

"गोळ्या कधीपासून बंद होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. ताईने खिडकीतल्या माझ्याकडे पाहिलं.

आता मी कपाटात आहे, न फोडलेल्या गोळ्यांच्या पाकिटांशेजारी. कधीमधी ताई दार उघडते, माझ्यावर अंगठा फिरवते आणि विचारते, "मग तो रंग गेला तरी कुठे रे?"

मित्रांनो, मला शोभेला खुशाल ठेवा, उन्हापासून जपा. पण घरातल्या कुणाच्या चपलेचा पट्टा लागेनासा झाला, तर माझ्याकडे बघत बसू नका. खाली वाका आणि त्यांचे पाय बघा.