ड्राइव्ह-इनमधली पुढची सीट

“हे तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही,” गुरुनाथ काकांनी खुर्ची पुढे ओढली, “पण हा अख्खा सिनेमा नऊ दिवसांत उरकलाय. नाच-गाण्यांसकट!”

अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिनच्या लायब्ररीतल्या खोलीत मराठी मंडळाचे वीसेक ज्येष्ठ जमले होते. मंडळाचा केदार लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडत होता. सिनेमा हॉलिवूडचा, चाळीसच्या दशकातला, कुठल्याशा फुटकळ स्टुडिओचा. बुडती बेकरी वाचवायला कामगार गाण्यांचा कार्यक्रम बसवतात, एवढीच गोष्ट. लावला होता काकांच्याच हट्टाने.

“गाण्यात व्हिलनची मिशी गळून पडते. रीटेक कोण करतो? पुढच्या सीनमध्ये तीच मिशी पोलिसाला! आणि जिना एकच. बंगल्यात तोच, कोर्टात तोच, जहाजावरही तोच.”

“बेकरीच्या गोष्टीत जहाज कुठून आलं हो?” सुमेधाताईंनी खवचटपणे विचारलं.

“बघालच!”

खोली हसली. पहिल्या रांगेत काकांची बायको, शोभनाकाकू, बसल्या होत्या. त्यांच्या नजरेच्या मधोमध आता नुसता करडा डाग उरला होता. कडेचं तेवढं दिसायचं. त्याला तीन वर्षं झाली.

काकांची एक ठरलेली गोष्ट होती, हाच सिनेमा मित्रांबरोबर पहिल्यांदा पाहिल्याची; आणि तीन वर्षांपूर्वीच काकू त्या गोष्टीत आल्या होत्या.

खरं घडलं ते असं. एकाहत्तरचा ऑगस्ट. कोलंबस शहराबाहेरच्या ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या मैदानात, तिकीट माणशी नसे, गाडीमागे असे. त्यामुळे गाडीत जागा रिकामी नेणं म्हणजे आपल्या पोरांच्या लेखी पापच. काकू अमेरिकेत येऊन अकरा दिवस झाले होते. “सहाला तयार राहा,” असं काका सकाळी सांगून गेले. संध्याकाळी काकांच्या लॅबच्या दारातच सहा जण गाडीत घुसले, सातवा डिकीत शिरला, आणि गाडी घराकडे वळलीच नाही. पुढच्या आठवड्यात नेऊ, म्हणता म्हणता थंडी आली. मग नोकरी, मुलं. मग ते मैदानच गेलं, तिथे गोदामं उठली.

काकूंनी कधी विषय काढला नाही. त्यांची नजर गेली तेव्हा काकांनी गोष्टीतल्या एका मित्राला हळूच खाली उतरवलं आणि त्या सीटवर काकूंना बसवलं. पुढच्या खेपेला त्यांना हिरवी साडी नेसवली. काकू ऐकून घ्यायच्या. त्या गप्प राहण्याला काका माफी समजत आले होते. आज फक्त चारचौघांत काकूंची मान एकदा होकारार्थी हलायला हवी होती.

“आणि ड्राइव्ह-इनमध्ये हा बघताना ही पुढच्या सीटवर! इतकी हसली, इतकी हसली, की शेजारच्या गाडीतला गोरा उतरून विचारायला आला, बाई ठीक आहेत ना?”

“सो क्यूट, काकू!” केदार म्हणाला. “मग आज सेकंड शो तुमचा. लाइट्स ऑफ करू?”

“थांब रे.” काका काकूंपाशी वाकले. “सांग की यांना. हसली होतीस ना?” आवाजातली गंमत कुठल्या कुठे गेली होती.

काका कडेच्या नजरेने दिसावेत म्हणून काकूंनी चेहरा जरासा बाजूला वळवला.

“अहो, मी कुठे होते तिथे?” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मी पर्स घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसले होते. तुम्ही परत आलात, तेव्हा अजून हसत होतात.”