दीड पान

"दादा चुकले, असं म्हनाचं हाय का तुमाले, नागोराव?" मथुराबाईनं भर प्रार्थनाघरात विचारलं.

नागोराव मंडळीचा वाचक. त्याच्यापुढं दोन शास्त्रं, म्हणजे बायबलं, उघडी होती. एक बाभुळगावच्या मोठ्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी दिलेलं, कोरं करकरीत. दुसरं दिवंगत उकंडादादांचं, ज्याच्या जोरावर त्यांनी येशूच्या नावानं हा वेगळा पंथ चालवला. त्यातलं दीड पान वाळवीनं फस्त केलं होतं. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला तेल लावून पट्टी बांधणाऱ्या परक्याची गोष्ट नेमकी तिथंच होती. दादांनी ती कधी वाचलीच नाही, आणि औषधाला विश्वासातली 'भेसळ' म्हणून मोकळे झाले. आता वाळवीला कोण जाब विचारणार!

"औषधाची बंदी उठवून आपन मोठ्या मंडळीत जाऊ," नागोराव म्हणाला. "पन एकाचा बी हात खाली राह्यला तं ठराव नाई. हा बी दादाचाच नेम."

सगळ्यांचे हात वर होते. मथुराबाईचे तेवढे मांडीवर. शेजारी कांताबाईची नात आजीच्या कुशीत तापानं फणफणली होती, आणि दारात मिशनची नर्स पेटी घेऊन ताटकळत होती.

सहा वर्षांपूर्वी मथुराबाईच्या लेकीला, जमनीला, असाच ताप चढला होता. हीच नर्स गोळ्या देऊन गेली होती. मथुराबाईनं त्या दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोर गेली. "तुहा विश्वास मोठा, बाई," असं दादा म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यावर तिनं सहा वर्षं काढली. हात वर केला, तर जमनी फुकट गेली.

"लेकरू जळून राह्यलं वं," कांताबाई रडकुंडीला आली. "पाया पडतो तुह्या!"

मथुराबाईला संताप आला. कांताबाईचा, दादांचा, सगळ्यांहून जास्त स्वतःचा. तिनं हात वर केला.

"लिहा. दादा चुकले. मी बी चुकलो."

नर्स लगबगीनं आत आली. सुई टोचताच पोर किंचाळली. मग मथुराबाईनं कनवटीचा बटवा सोडून गोळ्यांची एक मळकी पुडी काढली.

"सिस्टर, जमनीच्या वक्ताची हाय. फेकाले जीव झाला नाई. हिले चालन का?"

"नाही बाई. फार जुन्या झाल्या."

"तवा चालल्या असत्या?"

नर्स खाली मान घालून पेटी आवरत राहिली. मथुराबाईनं पुडी जुन्याच घड्यांवर दुमडली आणि परत बटव्यात ठेवली.