मऊ माती

राजाचा हुकूम आला तेव्हा स्वीडनच्या उत्तरेकडील उमिओ गावाची माती गोठून दगडासारखी झाली होती. सुभेदार आर्विड यांची नेमणूक दक्षिणेत, स्कोने प्रांतावर झाली होती आणि लगेच निघायचे होते. त्यांची लेक ब्रिटा मात्र चर्चमागच्या लाकडी खोलीत, हिवाळ्यात गेलेल्या इतरांच्या पेट्यांशेजारी शवपेटीत होती. जमीन मऊ झाल्यावरच सगळ्यांना पुरायचे होते.

"अहो, जाळ करून तेवढी जमीन मऊ करता येईल ना?" हेडविगने नवऱ्याला विचारले. "इथे तुमचा शब्द म्हणजे राजाचा शब्द."

"म्हणूनच नाही करता येत. गावातल्या एका कोळ्याने आपल्या गेलेल्या बायकोसाठी हेच मागितलं होतं. लाकूड जिवंत माणसांनाच पुरत नाही, म्हणून मी नाही म्हटलं."

निघताना हेडविगने आपली शाल शवपेटीवर पांघरली.

चर्चचा म्हातारा सेवक म्हणाला, "बाईसाहेब, वसंतात मी नीट पुरेन तिला. कोळ्याची बायको शेजारीच असेल. एकटी नाही पडायची पोर."

हेडविग स्कोनेत पोहोचली तेव्हा नव्या घराचा माळी वाफे खणत होता. कुदळ सहज आत जात होती. तिने वाकून मूठभर ओली माती उचलली. ती कुठे टाकावी, हे तिला कळेना.