बागेत टांगलेली लग्नाची सीडी

मी चंदर आणि मनीषा यांच्या लग्नाची सीडी बोलतेय. हो, तीच, जी आता कुणी बघत नाही आणि जी लावायला कुणाच्या घरी यंत्रही उरलेलं नाही. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. बरेच दिवस उन्हात टांगलेली होते.

माझा जन्म सोळा वर्षांपूर्वी पिंपळगाव बसवंतच्या एका फोटो स्टुडिओत झाला. स्टुडिओवाल्या सोमनाथने नुकताच कॅमेरा घेतला होता आणि चंदरचं लग्न हे त्याचं पहिलंच काम. त्यामुळे संगणकात होते नव्हते तेवढे सगळे इफेक्ट त्याने माझ्या पोटात कोंबले. नवरदेव गुलाबाच्या फुलातून बाहेर यायचा. बदामात नवरीचा फोटो गिरक्या घ्यायचा. हळदीच्या मांडवामागे तर चक्क बर्फाचे डोंगर! उघड्या अंगाला हळद फासलेला चंदर त्या बर्फात दात काढत बसलेला. मला वाटायचं, आपल्यासारखी कलाकृती पंचक्रोशीत नाही. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण माझं तर पुढं तारेवरच निघालं.

पहिलं वर्षभर माझी चंगळ होती. पाहुणा आला की चहाच्या आधी मी. तो बिचारा जांभई गिळत "छान आलंय शूटिंग" म्हणायचा आणि मी ते खरं मानायचे. मग घरोघरी मोबाइल आले आणि सीडी प्लेअर भंगारात गेला. लग्नाच्या संचात आम्ही तिघी होतो. एक बहीण गरम पातेल्याखाली वाकडी झाली. दुसरी चंदरच्या मुलीच्या, सायलीच्या, शाळेच्या प्रकल्पात शनीचं कडं होऊन गेली. तिचं निदान आकाशात तरी नाव झालं.

यंदा माघात द्राक्षांत साखर उतरली आणि पाखरं बागेवर तुटून पडली. त्यावर आमच्याकडे एक ठरलेला उपाय आहे: जुन्या चमकत्या सीड्या बागेतल्या तारेला टांगायच्या. चंदरने शेजारपाजारच्या सीड्या गोळा केल्या, कपाटातल्याही न वाचताच पिशवीत भरल्या. माझ्या एका बाजूला भजनांची सीडी, दुसऱ्या बाजूला प्रिंटरची. सोळा वर्षांचा तोरा एका सुतळीने उतरवला. बरं, तेही काम धड जमेना. एक बुलबुल यायचा, माझ्यात बघून तुरा नीट करायचा आणि माझ्यासमोरच बसून मणी फोडायचा. भ्यायचं राहिलं बाजूला, माझा त्याने आरसा केला.

एक मात्र झालं. उन्हं कलली की माझ्या अंगावरून रंगीत कवडसे पानांवर पडायचे, काढणीला आलेल्या बायकांच्या तोंडावरून फिरायचे. सुरगाण्याची बयाबाई एकदा कात्री थांबवून म्हणाली, "लय भारी दिसते गं ही!" माझ्या बर्फाच्या डोंगरांना इतक्या मनापासून कुणी म्हटलं नव्हतं. मी लाजले. तेवढ्यात वारा आला आणि मी खांबावर आपटले.

चंदरची आई लंकाबाई गेल्या आषाढात वारल्या. मोबाइल समोर धरला की त्या पदर तोंडावर ओढायच्या, नाहीतर उठूनच जायच्या. घरात त्यांचा एक फोटो होता, तोही आधारकार्डावरचा मोठा केलेला. आवाज कुठेच नव्हता.

एका दुपारी बागेत जेवताना चंदर मनीषाला म्हणाला, "आईचा आवाज आठवायला जातो ना, तर नीट येतच नाय आता."

"अहो, आपल्या लग्नाच्या सीडीत असतील की आई," मनीषा म्हणाली.

"कुठं हाय ती?"

"कपाटात. पण कपाटातल्या सीड्या तर तुम्हीच..."

चंदरचा घास हातातच राहिला. मग जो उठला! दोन एकरांत साठेक सीड्या लटकत होत्या. तो एकेक उलटून वाचत सुटला. भजन, प्रिंटर, शेतीची माहिती, पुन्हा भजन. माझ्यावरची अक्षरं उन्हाने उडाली होती, 'चंद' एवढंच उरलं होतं. त्याने दातांनी सुतळी तोडली आणि मला सदऱ्याला घासून पुसलं. त्यात आणखी दोन ओरखडे पडले, पण ती वेळ तक्रार करायची नव्हती.

सोमनाथच्या स्टुडिओत आता ड्रोन आहे. कोपऱ्यातला जुना संगणक झटकून त्याने मला आत घातलं. "चालंल असं वाटत नाय, चंदरभाऊ."

मी जिवाच्या आकांताने फिरले. गुलाब गेलेला. बदाम गेलेला. बर्फाच्या डोंगरांचे नुसते चौकोन उरलेले. ज्याच्यावर एवढी मिरवले ते सगळं ऊन पिऊन बसलं होतं. चंदर खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता आणि मला माझीच लाज वाटत होती.

आणि मग चित्र स्वच्छ झालं. मागच्या दाराचा ओटा. लंकाबाई कोथिंबीर निवडत बसलेल्या. सकाळचं ऊन हातांवर, हिरव्या बांगड्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणणं. फूल नाही, बर्फ नाही, काही नाही.

सोमनाथ ओशाळला. "उजेड बघायला कॅमेरा चालू केला व्हता. कापायचं राहून गेलं."

घरात सगळे इथवर आले की पुढे ढकलायचे, आणि मलाही तेच बरं वाटायचं. तीन मिनिटं अकरा सेकंद. किती सुंदर होती ती, आणि सोळा वर्षं पोटात असून मला पत्ता नव्हता.

लंकाबाईंना कॅमेरा दिसला. "माझं काय काढतो रे? तिकडं नवरदेवाकडं जाय ना." मग त्यांनी मान वळवून घरात हाक मारली, "चंदर, सकाळपासून काही खाल्लं का रे?"

हळदीच्या गडबडीत तेव्हा त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. स्टुडिओतल्या खुर्चीत बसलेला, चाळिशी ओलांडलेला चंदर म्हणाला, "नाय आई. अजून नाय." आणि तोंडावर हात धरून हुंदके देऊ लागला.

मला रडता येत नाही, म्हणून मी अडकले. सोमनाथने मला बाहेर काढून, पुसून पुन्हा लावलं आणि तेवढा तुकडा चंदरच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला. त्यानंतर मी कशातच चालले नाही.

आता मी कपाटात लंकाबाईंच्या लुगड्याच्या घडीत असते. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरच्या शूटिंगमध्ये कुणी भाजी निवडताना, अंगण झाडताना चुकून आलं असेल, तर तेवढं कापू नका. बाकी गुलाब-बिलाब गेले तरी चालतील.

दुपारी बागेतून आला की चंदर हातपाय धुतो आणि मोबाइल भिंतीला टेकवून लावतो. लंकाबाई विचारतात. "बसतोच हाय, आई," तो म्हणतो, आणि मनीषा ताट वाढते.