लुपेच्या नावापुढचा शेरा

मी एक जुनी निरीक्षणवही आहे. मित्रांनो, माझा पुठ्ठा आता झुरळांनी कुरतडला आहे, पण प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातल्या एका लहानशा बेटावर, पाचवीच्या वर्गात, मी एकेकाळी मोठ्या तोऱ्यात मिरवले आहे.

मेलेनाइतेबाई दुसऱ्या बेटावरून बदलून आल्या होत्या. मुलं एका सुरात धडा छान म्हणत, पण एकट्याने वाचायचं म्हटलं की अडखळत. म्हणून बाईंनी कृती संशोधन, म्हणजे वर्गातल्याच अडचणीवर उपाय करून त्याच्या नोंदी ठेवणं, हाती घेतलं. मुलांच्या जोड्या लावल्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. दहा आठवडे त्या माझ्यात पेन्सिलीने नोंदी करत होत्या. जवळजवळ सगळे सुधारले. लुपे ही मुलगी आणि तिचा जोडीदार कितिओने, या दोघांपुढे मात्र दर आठवड्याला एकच शेरा पडायचा: 'तोंड उघडत नाही.'

हा प्रयोग शिक्षकांच्या मेळाव्यात मांडायचा होता. तो पटला नाही तर जोड्या मोडणार होत्या. लुपेला तर पाचवीतच ठेवायचं मुख्याध्यापक फोलाउसरांनी जवळपास ठरवलंच होतं.

आदल्या दिवशी सर म्हणाले, "त्या दोन ओळी खोडून टाका, बाई. प्रयोग झकास दिसेल. पोरगी काय, पुढच्या वर्षी वाचेल."

बाईंनी खोडरबर माझ्यावर टेकवला.  पण त्यांचा हात पुढे सरकेना. शेवटी मला काखेत मारून त्या लुपेच्या घरी गेल्या. तिची आई चटई विणत होती. कितिओनेचं नाव ऐकताच तिचे हात थांबले.

"अहो बाई, तो तिच्या मावशीचा मुलगा. म्हणजे भाऊच की. एवढी मोठी झालेली बहीण भावाला खेटून बसून वाचेल होय?"

बाई ओशाळल्या. मोठं झाल्यावर बहीणभावांनी एकमेकांपासून अंतर राखायचं, हा आब त्यांच्याही घरी पाळला जात होता. इथली नाती मात्र त्यांनी कुणाला विचारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून त्या मेळाव्यात उभ्या राहिल्या.  चांगले आकडे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. मग बाईंनी नेमकं तेच पान उघडलं.

"ही मुलं कच्ची नाहीत. जोडी लावताना मी चुकले. लुपेला एखाद्या मुलीशेजारी बसवा, तिचं वाचन ऐका आणि मग काय ते ठरवा."

 फोलाउसरांनी मला हातात घेऊन ते पान वाचलं.

"उद्या मी स्वतः ऐकतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लुपेने एका मुलीशेजारी बसून वाचून दाखवलं. आवाज बारीक होता, पण शब्द एकही गाळला नाही. ती सहावीत गेली, कितिओनेला दुसरा जोडीदार मिळाला आणि वर्गातल्या जोड्या टिकल्या.

मित्रांनो, आता मला कुणी उघडत नाही, याचं वाईट वाटतं. पण तुमच्याजवळ अशी एखादी वही असेल तर तिला जपा. आणि तिच्यातली नकोशी ओळ खोडायला हात गेलाच, तर आधी त्या मुलाच्या घरी जाऊन या.